आईचे गुडघे, हळदीच्या कॅप्सूल आणि पोटात गेल्यावर हळदीचं पुढे होतं काय?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, तुटक विचारलं तर उत्तरंही तुटकच मिळतील.

आम्ही सांगलीचे. माझे आजोबा हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होते. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असं कोठार. त्यात हळकुंडं भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी पेवं निकामी झाली. आजोबा तेव्हा नव्हते, ते बघायला नव्हते हे बरंच झालं असं आई आजही म्हणते. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की आमच्या घरात हळदीवर शंका घेणं म्हणजे घरच्या माणसावर शंका घेणं. कापलं की हळद दाबायची, खोकला आला की हळद-दूध, मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप.

आई आता ६३ वर्षांची आहे. वजन ५८ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजवा जास्त. खाली बसून भाकरी थापायची सवय तिनं चाळीस वर्षांनी सोडली, ती डोळ्यांत पाणी आणून. जोरकस वेदनाशामक गोळ्या तिला द्यायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे पॅरासिटामॉल आणि शेक यावरच भागवत होतो. गेल्या महिन्यात पुण्याचा मावसभाऊ आला आणि हळदीच्या कॅप्सूलची बाटली देऊन गेला. एका कॅप्सूलमध्ये हळदीतला पिवळा घटक करक्युमिन ५०० मिलिग्रॅम आणि मिऱ्यातलं पायपरीन ५ मिलिग्रॅम, असं वर छापलंय. सकाळ-संध्याकाळ एकेक. आज बरोबर २३ दिवस झाले. आई म्हणते फरक आहे. परवा जिना चढताना तिनं कठड्याला हात लावला नाही, हे मी स्वतः पाहिलं.

माझा गोंधळ असा. रोज आमटीत, भाजीत हळद असतेच, मग वेगळी कॅप्सूल कशाला? दुसरीकडे वाचलं की हळद पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही. मग गुडघ्यापर्यंत पोचते तरी कशी? आणि एका ठिकाणी असं होतं की खरं काम हळद करत नाहीच, आतड्यातले जिवाणू तिच्यापासून जे बनवतात ते करतं. हे खरं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं. बाटली संपत आलीय, दुसरी आणायची की नाही ते या रविवारी ठरवायचंय.

स्वरूप७७:

ताई, बिनधास्त आणा. हळदीवर शंका घ्यायचं कारणच नाही. अमेरिकेनं मार्च १९९५ मध्ये जखमा भरण्यासाठी हळद वापरायचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर पुढे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांच्या संस्थेनं जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे पुरावे लावले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. आपल्या आज्या-पणज्यांना जे ठाऊक होतं ते अमेरिकेला मान्य करावं लागलं. त्यात आईंना फरकही दिसतोय, मग आणखी काय हवं? माझे वडीलही वर्षभर हळद-मिरी घेतायत, त्यांना कसलाही त्रास नाही.

खलबत्ता:

कृष्णाकाठची, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देईन, पण त्याआधी तुझ्याच एका वाक्यावर अडकले आहे. "जोरकस वेदनाशामक गोळ्या द्यायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय." का बजावलंय? मूत्रपिंडाचा त्रास आहे, जठराला व्रण झाला होता, की आणखी काही? आई रोज कोणकोणत्या गोळ्या घेते त्यांची नावं पाकिटावर बघून इथं लिही. मी कराडला ३१ वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकवलं. उगाच चौकशी करत नाहीये.

कृष्णाकाठची:

ताई, आईची २०१६ साली हृदयाची शस्त्रक्रिया झाली. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप खराब झाली होती, ती बदलून धातूची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी रोज रात्री, शिवाय रक्तदाबाची एक. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासतो. वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो म्हणून त्या बंद आहेत. या महिन्याची तपासणी पाहुण्यांच्या गडबडीत राहिली. हळद घरचीच वस्तू, म्हणून डॉक्टरांना कॅप्सूलचं सांगायचं सुचलंच नाही.

खलबत्ता:

आज रात्रीची कॅप्सूल देऊ नकोस. वॉरफरिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, झडपेवर गुठळी झाली तर ते त्याहून वाईट. आत्ता डॉक्टरांना फोन कर, कॅप्सूलचं नाव, प्रमाण आणि २३ दिवस हे तिन्ही सांग, आणि उद्या सकाळी आयएनआर करून घे. आईच्या अंगावर कुठं काळंनिळं दिसतंय का, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय का, शौचाला काळं होतंय का, हे तिला विचार. तसं काही असेल, किंवा अचानक जोराचं डोकं दुखायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका.

स्वरूप, तुमचा अभिमान मलाही आहे, तो खटला मी वर्गात दरवर्षी शिकवत असे. पण तो जखमेच्या उपचाराचा होता, आणि त्यात सिद्ध एवढंच झालं की हे ज्ञान नवं नाही. हळदीपासून काढलेला अर्क मिऱ्याच्या अर्काबरोबर, वॉरफरिन घेणाऱ्या बाईनं रोज एक ग्रॅम गिळावा का, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलाच नव्हता. तुमचे वडील दुसरी कुठली औषधं घेतात का, तेही एकदा बघा.

कृष्णाकाठची:

ताई, दोन दिवसांनी लिहितेय. आयएनआर ५.४ आला. तिचा २.५ ते ३.५ च्या मधे असायला हवा. डॉक्टरांनी दोन रात्रींची गोळी थांबवायला सांगितली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला बोलावलंय. डाव्या हातावर कोपराखाली तळहाताएवढा काळानिळा डाग आहे. आई म्हणाली, दळणाचा डबा लागला असेल. तो डाग आठवड्याभरापासून होता आणि लांब बाह्यांच्या ब्लाऊजखाली तो मला दिसला नाही. मी रोज सकाळी तिच्या हातावर कॅप्सूल ठेवत होते. तोच हात.

डॉक्टर म्हणाले, सगळा दोष कॅप्सूललाच देता येणार नाही, कारण गेल्या महिन्यात तिनं पालेभाजी फारशी खाल्ली नव्हती आणि पालेभाजी कमी झाली तरी आकडा चढतो. पण कॅप्सूल कायमची बंद. ते रागावले नाहीत. "मला आधी विचारायचं हो" एवढंच म्हणाले, त्याचंच जास्त लागलं.

तुम्ही त्या एका वाक्यावर थांबला नसता तर आम्ही रविवारी दुसरी बाटली आणली असती. आता मूळ प्रश्नाचं उत्तर द्याल का? आता तर मला ते नीट समजून घ्यायचंच आहे.

खलबत्ता:

बाळा, आधी एक. डाग दिसला नाही याचा दोष स्वतःला लावून घेऊ नकोस. बायका आपले डाग लपवतातच. आता विषयाकडे येते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

हिशेबापासून सुरू करू. हळद पावडरीत करक्युमिन साधारण तीन टक्के असतं, जातीप्रमाणे कमीजास्त. घरात माणशी दिवसाला दीड-दोन ग्रॅम हळद पोटात जाते असं धरलं तर करक्युमिन झालं ४५ ते ६० मिलिग्रॅम. तुझ्या आईच्या दोन कॅप्सूलमध्ये होतं १००० मिलिग्रॅम. म्हणजे ३३ ग्रॅम हळद, छोटे चमचे भरून अकरा. अकरा चमचे हळद घातलेली आमटी कुणाच्या घशाखाली उतरेल? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं खाद्यरंग म्हणून करक्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. ५८ किलोच्या बाईला ती १७४ मिलिग्रॅम येते. बाटलीवर हळकुंडाचं चित्र असलं तरी बाटलीत जे आहे ते फोडणीतलं नव्हे.

आता ते पोटात गेल्यावर काय होतं. करक्युमिन किती नाजूक आहे हे तुला शाळेत न जाताही माहीत आहे. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, बरोबर? हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही त्याच गुणावर. आणि तीच साडी धुऊन कडक उन्हात टाकली की डाग फिका पडतो. म्हणजे क्षाराशी गाठ पडली की रूप बदलतं, उजेडाशी पडली की मोडतं. आपलं रक्त किंचित क्षारधर्मी असतं. प्रयोगशाळेत तेवढ्याच क्षारतेच्या साध्या द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात नव्वद टक्के करक्युमिन मोडून जातं. त्यात ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. फोडणीत आधी तेल, मग हळद, या क्रमाला अर्थ आहे.

जे थोडं आतड्याच्या भिंतीत शिरतं त्याला भिंतीतल्या पेशी आणि पुढे यकृत लगेच एक साखरेसारखी शेपटी जोडतात. तिचं नाव ग्लुकुरोनाइड. काहीला गंधकाची शेपटी लागते, तिला सल्फेट म्हणतात. शेपटी लागली की पदार्थ पाण्यात विरघळतो आणि पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतो. शरीर त्याच्याशी परक्या पाहुण्यासारखं वागतं, दारातच हातावर गूळ-पाणी ठेवून वाटेला लावतं. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन देऊन पाहिलं, रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. बरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर मात्र पातळी वीस पट वाढली. कॅप्सूलवाल्यांनी हा आकडा जगभर नेला.

पण पायपरीन हे करतं कसं? ते शेपटी जोडायचं काम मंदावतं आणि यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या काही विकरांनाही (एन्झाइम्सनाही) अडवतं. दारावरचा राखणदार झोपवला तर फक्त आपलाच पाहुणा आत येत नाही. अपस्माराचं फेनिटोइन, रक्तदाबाचं प्रोप्रानोलोल, यांची रक्तातली पातळी पायपरीननं वाढते हे माणसांवर तपासलेलं आहे. वॉरफरिनसुद्धा यकृतातच मोडलं जातं. शिवाय करक्युमिन रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही, निदान परीक्षानळीत तरी. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ साली एका रुग्णाबद्दल इशारा काढला होता: वॉरफरिन स्थिर चालू होतं, हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. तुझी पोस्ट वाचताना मला तोच इशारा आठवला.

आता जिवाणूंचं. हो, ते खरं आहे, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. जे करक्युमिन शोषलं जात नाही, म्हणजे बहुतांश, ते मोठ्या आतड्यात उतरतं. तिथल्या ई. कोलाय जिवाणूत त्याच्यावर काम करणारं एक विकर आहे, ते जपानी संशोधकांनी २०११ मध्ये शोधून काढलं. ते करक्युमिनवर हायड्रोजन चढवत जातं आणि शेवटी टेट्राहायड्रोकरक्युमिन बनतं. याला रंग नसतो. पिवळेपणा गेलेली हळद म्हण. ते मूळ पदार्थापेक्षा बरंच टिकाऊ असतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाह कमी करताना दिसलंय. म्हणजे तू वाचलंस ते निराधार नाही. पण "खरं काम तेच करतं" इतकं ठाम म्हणायला माणसांवरचा पुरावा लागतो आणि तेवढा तो जमलेला नाही.

गुडघ्यापर्यंत पोचतं कसं, याचं एक सुंदर उत्तर कांद्यानं दिलंय. कांद्यात क्वेर्सेटिन असतं. त्यालाही अशीच ग्लुकुरोनाइडची शेपटी लागते आणि ते निकामी होऊन रक्तात फिरतं, असंच आम्ही कितीतरी वर्षं शिकवलं. २००८ साली जपानच्या तोकुशिमा विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की जिथं दाह असतो तिथं जमलेल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी ती शेपटी कापू शकतात. म्हणजे पदार्थ कुलूपबंद पेटीत फिरतो आणि किल्ली असते ती जिथं आग लागलीय तिथेच. २०१९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या लोकांनी करक्युमिनचीही शेपटी उंदरांच्या अस्थिमज्जेत कापली जाते असं दाखवलं. मी हे वाचलं तेव्हा निवृत्त झाले होते, नाहीतर दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन जुन्या नोट्स खोडायला लावल्या असत्या.

तरी परीक्षानळीतल्या करामतींवर भाळू नकोस. करक्युमिन ज्याला त्याला चिकटतं, स्वतः चमकतं, मोडताना भलतेच पदार्थ सोडतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसतात आणि जिथं तिथं "परिणाम दिसला" असं उत्तर येतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी एक मोठा आढावा घेऊन हे स्पष्ट मांडलं. डाग कशालाही पडतो, म्हणून काही तो औषध होत नाही.

माणसांच्या गुडघ्यांवर काय दिसलं, तेही सांगते, कारण तुझ्या आईला फरक पडला तो खोटा होता असं मला म्हणायचं नाही. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चाचणी झाली, २०१४ साली प्रसिद्ध झाली. दिवसाला १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे, समोर १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे वेदनाशामक. दुखणं कमी करण्यात अर्क आयबुप्रोफेनच्या मागे पडला नाही. ही साधी गोष्ट नाही. पण ऑस्ट्रेलियात होबार्टला ७० जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, २०२० मध्ये आली. गुडघ्यात पाणी आणि सूज असलेले रुग्ण मुद्दाम निवडले आणि एमआरआय काढून मोजमाप केलं. दुखणं थोडं कमी झालं. सूज मात्र तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्यांइतकीच राहिली. म्हणजे वेदना कमी झाली म्हणून दाह विझला, असं गृहीत धरता येत नाही. आई कठडा न धरता जिना चढली, ते खरंच. आत काय चाललं होतं, ते जिन्यावरून कळत नाही.

आणि यकृत. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं संशोधकांचं जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांशी जोडलेले दहा रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. पण ती खूण कपाळावर लिहिलेली नसते. इटलीतही २०१९ मध्ये अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृतदाहाचे वीसच्या वर रुग्ण निघाले होते. आमटीतल्या हळदीनं असं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

एक शेवटचं, कारण "वनस्पतीतलं आहे, म्हणजे सौम्यच" हे वाक्य तुझ्या घरात कुणीतरी पुन्हा म्हणेलच. आई रात्री घेते त्या वॉरफरिनचं मूळ काय? १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी भागात गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. कारण निघालं बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं वैरण. त्या चाऱ्यात कूमारिन असतं, कापलेल्या गवताला गोड वास येतो तो त्याचाच. बुरशी त्या निरुपद्रवी कूमारिनचं डायकूमारॉल करते आणि त्यानं रक्त गोठायचं थांबतं. विस्कॉन्सिनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत ते वेगळं काढलं गेलं आणि त्याच वाटेवर पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला बाजारात आलं, माणसांचं औषध नंतर झालं. वनस्पतीतला पदार्थ, सूक्ष्मजीवानं बदललेला, आणि त्यातून इतकं ताकदीचं औषध. तुझ्या आईच्या एका तळहातावर अशा दोन वनस्पतींची पोरं येऊन बसली होती, आणि दोघींची ओळख करून द्यायला कुणी नव्हतं.

आमटीत, भाजीत हळद घाल, पूर्वी घालायचीस तेवढीच. ती कमी करू नकोस आणि वाढवूही नकोस.

आटपाडीकर:

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईलाही हृदयाची गोळी चालू आहे, उद्याच पाकीट बघतो.

मी डाळिंबवाला आहे, आटपाडी तालुक्यात साडेतीन एकर भगवा. आमच्याकडं व्यापारी सांगतात की डाळिंबानं सांध्यांची सूज उतरते आणि परदेशात त्याच्या गोळ्या निघाल्यात. हे हळदीसारखंच आहे का? माझ्या बागेतल्या मालाबद्दल मला लोकांना खोटं सांगायचं नाही, म्हणून विचारतो.

खलबत्ता:

दादा, असं विचारणारा शेतकरी भेटला की बरं वाटतं. डाळिंबाची गोष्ट जिवाणूंच्या बाबतीत हळदीहून जास्त पक्की आहे. त्यातलं मुख्य द्रव्य प्युनिकालाजिन. ते दाण्यांपेक्षा सालीत आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात जास्त, त्यामुळे अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते भरपूर उतरतं, नुसत्या दाण्यांत कमी. त्याचा रेणू इतका मोठा की आतड्यातून तसाच आत जात नाही. त्याचं आधी एलाजिक आम्ल होतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात. रक्तात जातात ते हे युरोलिथिन. खाल्ल्यानंतर दोन-दोन दिवस लघवीत सापडतात.

गंमत पुढेच आहे. स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी दाखवलं की या बाबतीत माणसांचे तीन गट पडतात. काहींचे जिवाणू मुख्यतः युरोलिथिन ए बनवतात, काहींचे त्याबरोबर आणखी वेगळे प्रकार, आणि काहींचे काहीच बनवत नाहीत. एकाच झाडाचं डाळिंब दोन सख्ख्या भावांनी वाटून खाल्लं तरी एकाच्या रक्तात युरोलिथिन येईल आणि दुसऱ्याच्या येणार नाही, असं होऊ शकतं. त्यामुळे "डाळिंबानं सूज उतरते" असं सरसकट सांगू नका. "फळ चांगलं आहे, पोटातल्या जिवाणूंना त्यातून काम मिळतं" हे सांगा, ते खरं आहे. आणि तुमच्या आईंना दाणे द्यायला हरकत नसावी, पण अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

ज्वारीच्या भाकरीचं नाव कुणी घेत नाही, कारण ती बाटलीत भरता येत नाही. तिच्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. दाह आवरणाऱ्या पेशी त्यानं वाढतात हे २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं. माणदेशात ज्वारी आणि डाळिंब दोन्ही पिकतं, तुम्ही नशीबवान आहात.

स्वरूप७७:

खलबत्ता ताई, बाबांचं पाकीट पाहिलं. स्टेंट बसवल्यापासून ते क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोवर हळद-मिरी थांबवलीय. कृष्णाकाठची, मी तुम्हाला बिनधास्त आणा म्हणालो होतो. मनापासून माफी मागतो.

कृष्णाकाठची:

स्वरूप, माफी कशाची, मीही तेच म्हणाले असते. बाबांचं काय झालं ते सोमवारी इथं कळवा.

आजचा आकडा २.८. डाग पिवळा पडत चाललाय. आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं, साबणाचा डाग आला तेव्हा ती म्हणाली, "हे तर मलाही सांगता आलं असतं!" दुखणं थोडं परतलंय. फिजिओथेरपिस्टनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिलाय: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा आकडे धरून ठेवायचं. आई मनात आकडे मोजत नाही, मोठ्यानं मोजते, आणि सातनंतर आठवर जायला जरा वेळ घेते. भाकरीसाठी ओट्याशी उंच स्टूल केलंय. आता ती स्टुलावर बसून थापते.

तिच्या सगळ्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून फ्रिजवर लावलीत. खाली एक ओळ मोकळी ठेवलीय, नवं काहीही सुरू करायचं झालं तर आधी तिथं लिहायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. काल मावसभावाचा फोन आला, त्याला मी रागावले नाही, फक्त २०१६ ची शस्त्रक्रिया आठवते का विचारलं. तो बराच वेळ गप्प होता.

ताई, त्या मोकळ्या ओळीत आईनं आज स्वतःच लिहिलंय: "जवसाची चटणी." भाकरीबरोबर रोज चमचाभर खायची तिची इच्छा आहे. चालेल का?

खलबत्ता:

जेवणात चमचाभर चटणी म्हणजे अन्नच, माझ्या मते चालावी. पण रोज तेवढीच, एक दिवस वाटीभर आणि चार दिवस नाही असं नको. पुढच्या आयएनआरच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाल. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल कुणी घेऊन आलं तर त्या घेऊ नका. जवस चांगला भाजून, बारीक कुटून घे, आख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. त्यातली लिग्नन नावाची द्रव्यंसुद्धा पोटातल्या जिवाणूंच्या हातात गेल्यावरच बदलून रक्तात जातात, आणि आख्ख्या दाण्यात ती त्यांच्या हाती लागत नाहीत. चटणीत लसूण घालता ना? आईला विचार, आमच्याकडं कराडला थोडं सुकं खोबरंही घालतात.